मोटारसायकलीचें ओझें व घरगुती लोखंडी कॅरिअर

शेतकऱ्याच्या दारांतील बैलगाडीचें पुष्कळसें किरकोळ काम आतां मोटारसायकलीकडे आलें आहे. डेअरीस घालावयाचें दूध, सोसायटींतून आणावयाचें खत, बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप, जनावरांची पेंड, हें सर्व या दोन चाकांवरच लादलें जातें. वास्तविक या वाहनाची रचना दोन माणसांनीं बसून जावें एवढ्यासाठींच केलेली असते. त्यावर ओझें वाहण्याचें काम घ्यावयाचें म्हटलें कीं, त्यास साजेसें कॅरिअर बसवून घेणें ओघानेंच येतें. बाजारांत मिळणारीं तयार कॅरिअरें बहुधा हलक्या सामानापुरतींच असतात. म्हणून गांवच्या वेल्डिंगवाल्याकडून आपल्या सोयीप्रमाणें तें करवून घेण्याची चाल सर्वत्र पडली आहे. ही चाल वाईट नाहीं. मात्र तींत एक समजूत अशी खोल रुजली आहे कीं, लोखंड जितकें जाड व भरीव तितकें कॅरिअर मजबूत. या समजुतीपायीं भरीव सळयांचें जड कॅरिअर मागच्या चाकाच्याहि मागें लोंबत ठेवण्यांत येतें व तें मोटारसायकलीच्या सांगाड्यास कायमचें जोडून टाकण्यांत येतें. पुढें कांहीं महिन्यांनीं पाणंदीच्या एखाद्या खड्ड्यांत कॅरिअर तरी मोडतें, नाहींतर सांगाड्यास तडा जातो. अशा वेळीं पडणारा माणूस घरचा कर्ता असतो, हें ध्यानांत ठेवून या विषयाचा विचार केला पाहिजे.

प्रस्तुत लेखाचें सांगणें थोडक्यांत असें आहे: कॅरिअर करतांना पहिला विचार ओझें कोठें पडतें याचा, दुसरा तें कशास व किती ठिकाणीं बांधलें आहे याचा, आणि लोखंडाच्या जाडीचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा केला म्हणजे पैसा अधिक लागून धोका मात्र वाढतो.

ओझें किती?

प्रत्येक मोटारसायकलीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेंत तिनें एकूण किती भार वाहावा याचा आंकडा दिलेला असतो. त्या आंकड्यांत चालविणारा, मागें बसणारा, सामान आणि आपण मागाहून बसविलेलें कॅरिअर हीं सर्व धरावयाचीं असतात. उदाहरणार्थ, हा आंकडा १३० किलो आहे असें समजूं. चालविणाऱ्याचें वजन ६५ किलो धरल्यास बाकी ६५ किलो राहिले. आतां वीस लिटरच्या दोन किटल्या दुधानें भरून न्यावयाच्या आहेत. दूध पाण्याहून किंचित् जड, म्हणजे लिटरला सुमारें १.०३ किलो असतें. तेव्हां ४० लिटर दुधाचें वजन ४१ किलो झालें. रिकाम्या किटल्यांचे ८ किलो व त्या अडकविण्याच्या लोखंडी घोड्याचे ५ किलो मिळविले म्हणजे बेरीज ५४ किलोंवर जाते. मर्यादेंत केवळ ११ किलो शिल्लक उरले. अशा स्थितींत मागें मुलास बसवून शाळेंत सोडणें म्हणजे मर्यादा ओलांडणेंच होय, मग कॅरिअर कितीहि भक्कम असो. कारण भार सोसावयाचा तो केवळ कॅरिअरनें नसून टायर, आरे, शॉकॲब्सॉर्बर व ब्रेक या सर्वांनीं सोसावयाचा असतो. म्हणून कागद घेऊन ही बेरीज प्रत्येकानें एकदां आपल्या हातानें करावी व मगच कामास हात घालावा.

ओझें कोठें?

दोन चाकांच्या आंसांमधील अंतर लहान मोटारसायकलींत सुमारें १२५ सें.मी. असतें. युरियाचें पोतें २०१८ सालापासून ४५ किलोंचें आहे. हें पोतें बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागावर अशा रीतीनें ठेवलें कीं त्याचा मध्य मागील आंसाच्या १५ सें.मी. पुढें येईल, तर ४५ ला १५ नें गुणून १२५ नें भागावें. उत्तर ५.४ येतें. म्हणजे पुढच्या चाकावर ५.४ किलो व मागच्यावर ३९.६ किलो भार आला. आतां तेंच पोतें मागें लोंबत्या कॅरिअरवर, आंसाच्या २० सें.मी. मागें ठेवून पाहूं. तराजूची दांडी एका टोकास दाबली असतां दुसरें टोक उचललें जातें, तसें येथें होतें. मागच्या चाकावर ५२.२ किलो भार पडतो व पुढचें चाक ७.२ किलोंनीं हलकें होतें. पोतें तेंच आहे, पण केवळ ३५ सें.मी. मागें सरकल्यानें पुढच्या चाकावरील भारांत १२.६ किलोंचा फरक पडला.

हा फरक लहान समजूं नये. मोटारसायकल वळते ती पुढच्या चाकावर, व ब्रेक दाबला असतां ती थांबविण्याचें मोठें काम पुढचेंच चाक करतें. तें हलकें झालें कीं हँडल हलकें लागतें, वळणावर गाडी बाहेर फेकल्यासारखी वाटते आणि चढावर पुढचें चाक उचललें जाण्याची भीति असते. याकरितां जड वस्तु नेहमीं बैठकीवर, चालविणाऱ्याच्या पाठीशीं व आंसाच्या पुढें ठेवावी. कॅरिअरनें त्या वस्तूचें मागचें टोक धरून ठेवावें, सबंध वजन अंगावर घेऊं नये. निव्वळ कॅरिअरवर १५ किलोंहून अधिक ओझें ठेवावयाचें नाहीं, असा निश्चय करूनच पुढील मापें दिलीं आहेत.

उंचीचाहि असाच विचार आहे. ओझें जितकें उंच, तितकी गाडी कलतांना तें अधिक ओढतें. म्हणून कॅरिअरचा वरचा भाग बैठकीच्या पातळींत किंवा बोटभर खालीं असावा. बैठकीहून वर चढविलेला नसावा.

भरीव सळई कीं पोकळ पाइप?

वेल्डिंगवाल्याकडे दोन प्रकारचें लोखंड हमखास असतें: एक तीन सुती, म्हणजे सुमारें १० मि.मी. जाडीची भरीव सळई, व दुसरा पाऊण इंची सोळा गेजी पाइप, म्हणजे १९ मि.मी. बाहेरील व्यासाचा व १.६ मि.मी. जाड पत्र्याचा पोकळ पाइप. एक मीटर सळईचें वजन ०.६२ किलो भरतें व एक मीटर पाइपाचें ०.६९ किलो. वजनांत नांवापुरतेंच अंतर आहे. परंतु वाकण्यास विरोध करण्याचा पाइपाचा ताठपणा सळईच्या जवळजवळ सातपट असतो, व वांकडा होण्यापूर्वीं तो साडेतीनपट भार सोसतो. याचें कारण असें कीं, दांडा वाकतांना ताण त्याच्या बाहेरच्या कडांवर पडतो, मध्यभागावर फारसा पडत नाहीं. मध्यभागचें लोखंड काढून तेंच बाहेर पसरलें म्हणजे तें अधिक कामास येतें. बांबू पोकळ असूनहि वाऱ्यांत उभा राहतो, त्याचें मर्म हेंच आहे.

प्रत्यक्ष हिशेब पाहूं. कॅरिअरवर १५ किलो ओझें आहे व त्याचा मध्य शेवटच्या आधारापासून २० सें.मी. मागें आहे असें धरूं. खड्ड्यांत गाडी आपटली असतां ओझें उसळून पडतें, म्हणून हिशेबास तिप्पट, म्हणजे ४५ किलो धरणें शहाणपणाचें होय. पंचेचाळीसला वीसनें गुणलें म्हणजे ९०० झाले; दोन बाजूंस दोन दांडे असल्यानें प्रत्येकाच्या वांट्यास ४५० आले. या भारानें भरीव सळईच्या कडेवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ४,६०० किलो ताण येतो व पाइपावर सुमारें १,२८० किलो येतो. साधें लोखंड सुमारें २,५०० किलो ताणाला कायमचें वांकडें होतें. म्हणजे सळई हमखास वाकणार व पाइप निम्म्या शक्तींतच काम निभावून नेणार. पुढें सांगितल्याप्रमाणें तिरपा टेका दिल्यास पाइपावरील ताण याहूनहि उतरतो.

पाइप घेतांना जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे पाण्याच्या नळाचा पाइप घेऊं नये. वेल्डिंगच्या उष्णतेनें जस्ताचा पांढरा धूर निघतो व तो छातींत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. तसा पाइप वापरावाच लागला तर सांध्याजवळील मुलामा आधीं घांसून काढावा व काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूस पाठ करून करावें.

आधार कोठें घ्यावा?

मोटारसायकलीचे दोन भाग मनांत स्पष्ट वेगळे करावे. बैठक, टाकी, इंजिन व सांगाडा हा भाग स्प्रिंगांवर तरंगत असतो. मागचें चाक व त्यास धरणारे दोन हलते दांडे हा भाग रस्त्याच्या खांचखळग्यांप्रमाणें वरखालीं होतो. कॅरिअरचें एक टोक सांगाड्यास व दुसरें टोक या हलत्या दांड्यास किंवा चाकाच्या आंसास कधींहि बांधूं नये. सायकलीचें कॅरिअर आंसाजवळ बांधलेलें असतें, तें पाहून ही चूक होते. परंतु सायकलीस मागें स्प्रिंग नसते. मोटारसायकलीवर असें केलें तर स्प्रिंगचें कामच बंद पडतें व पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत कांहींतरी तुटतें.

आधारासाठीं सांगाड्यावर आधींपासून असलेले बोल्ट वापरावे. दोन बाजूंस शॉकॲब्सॉर्बर असणाऱ्या साध्या गाडींत असे चार बोल्ट सांपडतात: मागें बसणाऱ्याच्या हातकडीचे दोन व शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाचे दोन. हातकडीच्या बोल्टांवर वरची चौकट बसवावी व शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टांपासून तिरपे टेके निघून चौकटीच्या मागच्या भागास मिळावे. बाजूनें पाहिलें असतां त्रिकोण दिसला पाहिजे. चौकोन दाबला असतां कलतो. त्रिकोण कलत नाहीं. घराच्या कैचीस जो नियम तोच येथें लागूं आहे.

एक दक्षता येथें घ्यावी. लोखंडी कान मध्यें घातल्यावर बोल्ट तेवढा अपुरा पडतो. नट पूर्ण बसून त्याच्या बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. न दिसल्यास त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा व ८.८ असा आंकडा माथ्यावर असलेला लांब बोल्ट घ्यावा. शॉकॲब्सॉर्बरचा खुंटा सांगाड्यासच जोडलेला असून आटे पुरत नसतील, तर तो नाद सोडून मागच्या पायदाणीच्या आधाराचा बोल्ट वापरावा. सांगाड्यास भोंक पाडणें किंवा त्यावर वेल्डिंग करणें सर्वथा वर्ज्य समजावें. वेल्डिंगच्या कडेस लोखंड कमकुवत होतें, व वारंवार हादरे बसून तडा जातो तो तेथूनच.

लागणारें सामान

पाऊण इंची सोळा गेजी काळा पाइप अडीच मीटर. चौकटीवरील आडव्या पट्ट्यांसाठीं २५ मि.मी. रुंद व ३ मि.मी. जाड लोखंडी पट्टी एक मीटर; बोल्टांच्या कानांसाठीं २५ मि.मी. रुंद व ५ मि.मी. जाड पट्टी ३० सें.मी.; वरीलप्रमाणें चार बोल्ट, रुंद वायसर व आंत नायलॉनचें कडें असलेले नट; लाल ऑक्साइडचा अस्तररंग व वरचा तेलरंग. एवढ्यांत होणारें कॅरिअर सव्वादोन किलोंच्या आसपास भरतें.

कृति

प्रथम गाडी मुख्य स्टँडवर सपाट जमिनीवर उभी करावी. हातकडी काढून तिच्या दोन भोंकांमधील अंतर, तसेंच तेथून शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टापर्यंतचें उभें व आडवें अंतर मोजावें. हीं मापें एका जाड फळीवर उतरवून त्या ठिकाणीं भोंकें पाडावीं. हा सांचा एकदां झाला म्हणजे वेल्डिंगचें सर्व काम फळीवर करतां येतें व गाडी दूर ठेवतां येते. हें फार महत्त्वाचें आहे. कारण पेट्रोलची वाफ थंड हवेंतहि पेटते, व वेल्डिंगचा प्रवाह गाडींतून गेल्यास तिचे विजेचे भाग व बेअरिंगें बिघडतात.

नंतर ११८ सें.मी. पाइप घेऊन त्याची घोड्याच्या नालासारखी चौकट वाकवावी. दोन भुजा प्रत्येकीं ४५ सें.मी. व पाठ २८ सें.मी. हीं मापें साधारण आहेत. आपल्या बैठकीच्या रुंदीप्रमाणें तीं बदलावीं. भुजा अशा असाव्या कीं, त्यांची पुढची टोकें बैठकीच्या मागील भागास दोन्ही बाजूंनीं लगटून जातील. म्हणजे पोतें ठेवलें असतां बैठक व कॅरिअर मिळून एकच पाट होतो. पाइप वाकविण्याचें यंत्र नसल्यास पाइपांत पूर्ण कोरडी बारीक वाळू ठोकून भरावी, दोन्ही टोकांस लांकडी खुंट्या माराव्या, वाकवावयाची जागा लाल होईतों तापवावी व पाइपाच्या जाडीच्या तिपटीहून कमी नाहीं अशा गोलाईनें सावकाश वाकवावी. वाळू ओली असल्यास आंत वाफ कोंडून खुंटी गोळीसारखी उडते, म्हणून ती तव्यावर भाजून घ्यावी. पाइपाची शिवण वाकाच्या आंत किंवा बाहेर न ठेवतां बाजूस ठेवावी, नाहींतर ती उकलते.

चौकटीच्या पुढच्या अंगास २८ सें.मी.चा आडवा पाइप व मध्यें तीन आडव्या पट्ट्या घालाव्या. पट्ट्यांचीं टोकें पाइपाच्या खालच्या अंगास जोडावीं. शेवटच्या आधाराजवळ भुजेवर वाकण्याचा ताण सर्वांत अधिक असतो, त्या नेमक्या जागीं पट्टी किंवा अन्य कांहीं जोडूं नये. चार बोटें पुढेंमागें जोडावें. टेक्यांसाठीं ३५ सें.मी.चे दोन पाइप घ्यावे. त्यांचीं टोकें हातोड्यानें चपटीं करून त्यांस भोंक पाडण्याची पद्धत आहे, पण चपट्या जागीं पाइपाची सर्व शक्ति नाहींशी होते. त्यापेक्षां ५ मि.मी. पट्टीचे सात सात सें.मी.चे कान करून पाइपाच्या टोकास खांच पाडून आंत बसवावे व दोन्ही अंगांनीं वेल्डिंग करावें. ८ मि.मी. बोल्टास ९ मि.मी. भोंक ठेवावें. वेल्डिंगनें लोखंड किंचित् ओढलें जातें, तें या मोकळिकेंत सामावतें.

वेल्डिंग करतांना प्रथम सर्व सांधे फळीवरच ठिपक्यांनीं पकडावे, सांगाडा काढून एकदां गाडीवर बसवून पाहावा, व तो न ओढतां बसला तरच परत फळीवर नेऊन सांधे पूर्ण करावे. एक सांधा डावा, एक उजवा, असा क्रम ठेवावा. २.५ मि.मी. जाडीची कांडी व सुमारें ६० ते ७० अँपिअर प्रवाह या पातळ पाइपास पुरतो. अधिक प्रवाहानें पाइपास भोंक पडतें. वेल्डिंगवाला सांध्यावर मोठा ढीग चढवील, तर तो मजबुतीचा नव्हे. सांधा रुंद, सपाट व दोन्ही अंगांत विरलेला दिसला पाहिजे. बोल्टानें जबरीनें ओढून बसवावें लागणारें कॅरिअर आधींच ताणलेलें असतें; तें ओझें न ठेवतांहि तडकूं शकतें.

शेवटीं उघडीं टोकें चकत्या लावून बुजवावीं व प्रत्येक पाइपास सर्वांत खालच्या जागीं ४ मि.मी.चें एक भोंक ठेवावें, म्हणजे आंत गेलेलें पाणी साचणार नाहीं. मळी व गंज घांसून अस्तररंगाचा एक व तेलरंगाचे दोन हात द्यावे. रंग फिकट निवडावा. काळ्या रंगावर तडा दिसत नाहीं. फिकट रंगावर गंजाची तांबूस रेघ तत्काळ नजरेस येते.

दुधाच्या किटल्यांचें घोडें

दूध वाहणाऱ्यांस वरील कॅरिअर पुरत नाहीं. त्यांना बैठकीवरून दोन्ही बाजूंस उतरणारें घोडें लागतें. त्याचे नियम तेच आहेत, परंतु तीन गोष्टी विशेष आहेत. पहिली, दोन्ही बाजूंच्या चौकटी बैठकीखालून आडव्या पाइपानें एकमेकींस जोडाव्या, म्हणजे एकीचा भार दुसरीस तोलून धरील. दुसरी, किटलीचा मध्य मागील आंसाच्या मागें जाऊं नये, तिचें बूड पायदाणीच्या खालीं लोंबूं नये व तिचा गरम सायलेन्सरास स्पर्श होऊं नये. तिसरी, दोन्ही किटल्या धरून होणारी रुंदी शक्यतों हँडलाच्या रुंदीहून अधिक नसावी. जेथून हँडल गेलें तेथून किटली जाईल, असा भरंवसा चालविणाऱ्यास असला पाहिजे. याकरितां पसरट किटलीपेक्षां उभट किटली बरी.

एकाच बाजूस किटली लावून जाण्याची संवय घातक आहे. गाडी ११२ किलो, चालविणारा ६५ किलो व मध्यापासून ३५ सें.मी. दूर २५ किलोंची किटली असेल, तर सर्वांचा मिळून तोल सव्वाचार सें.मी. बाजूस सरकतो. चालविणारा नकळत दुसऱ्या अंगास कलून बसतो, व ओल्या रस्त्यावर चाक घसरतें तें अशा वेळीं. दूध कमी असेल तर तें दोन किटल्यांत समान वाटावें. अर्धवट भरलेली मोठी किटली डचमळते व वळणावर धक्का देते. तेव्हां थोड्या दुधास लहान किटली घ्यावी. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते. म्हणून भरतांना आधीं डावी किटली लावावी व उतरतांना आधीं उजवी काढावी. उलट केल्यास गाडी उजवीकडे आडवी होते.

परीक्षा

कॅरिअर बसविल्यावर लगेच पोतें टाकून बाजारास निघूं नये. गाडी मुख्य स्टँडवर उभी करून, एका माणसानें हँडल धरावें. कॅरिअरच्या मागच्या कडेपासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. मग ठरविलेल्या ओझ्याच्या दुप्पट, म्हणजे ३० किलो वाळूचें पोतें त्यावर घटकाभर ठेवून पुन्हां मोजावें, व पोतें काढून तिसऱ्यांदा मोजावें. ओझ्याखालीं थोडें दबलें तर चिंता नाहीं; पण ओझें काढल्यावर पहिलें माप परत आलें नाहीं, तर लोखंड कायमचें वाकलें असें समजून टेका सुधारावा. नंतर गाडी स्टँडवरून काढून दोन माणसांनीं बैठकीवर बसून जोरानें दाबावी व टेके, चाक, चेन आणि मडगार्ड यांमध्यें निदान दोन बोटें अंतर उरतें कीं नाहीं, हें तिसऱ्यानें पाहावें. पहिली फेरी पांच किलो ओझ्यानें, गांवाजवळच्या रस्त्यावर घ्यावी. परत आल्यावर व पुढें सुमारें ५० किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हां आंवळावे, कारण नवा रंग दबून बोल्ट सैल पडतात.

ओझ्यानें जातांना मागच्या टायरांत माहितीपुस्तिकेंतील दोन माणसांसाठीं दिलेली हवा भरावी व शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण वाढवावा. बांधावयास जुन्या ट्यूबची पट्टी सोयीची असते खरी, परंतु ती ताणते. जड पोत्यास दोरच घ्यावा व त्याचें मोकळें टोक खोंचून ठेवावें. लोंबतें टोक चेनींत गेलें म्हणजे चाक जागच्या जागीं बंद पडतें. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरून नेऊं नये. त्यांतील पाणीच सोळा किलो होतें. विळा, कोयता यांस गोणपाट गुंडाळावें, व कीटकनाशकाची बाटली खाण्याच्या पदार्थांजवळ कधींहि बांधूं नये.

निगा

खताची पूड व सांडलेलें दूध हे लोखंडाचे शत्रु आहेत. खतांतील क्षार हवेंतील ओल ओढून घेतात व त्यानें गंज झपाट्यानें वाढतो. पालाशाच्या खतांतील क्लोराइड तर विशेष वाईट. दूध आंबलें म्हणजे आम्ल होतें. म्हणून अशी फेरी झाल्यावर तांब्याभर पाण्यानें कॅरिअर धुवावें. आठवड्यांतून एकदां फडक्यानें पुसून प्रत्येक सांध्याची कड निरखावी. तांबूस रेघ दिसल्यास ती वरून रंगवून झांकूं नये. सांधा घांसून तडा आहे कीं काय तें पाहावें, व असल्यास कॅरिअर काढून, फळीच्या सांच्यावर बसवून दुरुस्त करावें.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यांतील कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील मूळ तपशिलाहून वाहन वेगळें ठरेल असा फेरबदल करण्यास मनाई आहे. सांगाडा कापणें किंवा लांबविणें हें या दृष्टीनेंहि टाळावें. बोल्टांनीं बसविलेलें व काढतां येणारें कॅरिअर हाच सरळ मार्ग होय. केंद्र सरकारनें २०२० सालीं मोटारसायकलीवरील हलक्या पेटीसंबंधीं नियम केला आहे. तिची लांबी ५५० मि.मी., रुंदी ५१० मि.मी. व उंची ५०० मि.मी. यांहून अधिक नसावी. ती मागील माणसाच्या जागीं बसविली असल्यास फक्त चालविणाऱ्यानेंच जावें. आपली मांडणी याहून रुंद होत असेल तर ती करण्यापूर्वीं जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयांत विचारून घेणें हिताचें. मागचा दिवा, वळण दाखविणारे दिवे व नंबरपट्टी ओझ्यानें झांकतां कामा नये. रात्रीं उसाच्या गाड्यांच्या मागून येणाऱ्या वाहनास आपण दिसतों, तें त्या एका लाल दिव्यामुळेंच.

समारोप

या कामांत खर्च फार नाहीं. एकाच बनावटीच्या गाड्या असणाऱ्या चारपांच शेतकऱ्यांनीं मिळून एक फळीचा सांचा केला, तर मापें घेण्याचे श्रमहि एकदांच पडतील व प्रत्येकाचें कॅरिअर सारखें उतरेल. वेल्डिंगवाला हाताचा कुशल असतो, पण आपण काय वाहणार आहों व कोठें ठेवणार आहों हें त्याला ठाऊक नसतें. तें सांगणें मालकाचें काम आहे. ओझ्याची बेरीज, आंसापासूनचें अंतर व चार बोल्टांच्या जागा, एवढें एका कागदावर लिहून तो कागद घेऊनच त्याच्या दुकानीं जावें. मग लोखंड किती जाड घ्यावें हा प्रश्न आपोआप सुटतो, व पाणंदींतून रोज पहाटे जाणारें दूध आणि तें नेणारा माणूस दोन्ही सुखरूप पोंचतात.